विश्लेषण : बंदुकीच्या देशात हरणांची शिकार धनुष्यबाणाने का? हा हंगाम सर्वांत आधी आणि सर्वांत लांब कशासाठी?

अमेरिका म्हटले की बंदूक आठवते. पण तिथल्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम बंदुकीने नव्हे, तर धनुष्यबाणाने सुरू होतो. विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्याला येणाऱ्या शनिवारी पहाटे हजारो जण झाडांवरच्या मचाणांवर चढून बसतात. बंदूकवाल्यांना मुख्य हंगामासाठी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागते आणि त्यांच्या वाट्याला येतात अवघे नऊ दिवस. धनुष्यवाल्यांना मात्र साडेतीन महिन्यांहून अधिक काळ मिळतो. कमकुवत हत्याराला एवढी सवलत का, ते हत्यार आज खरोखरच कमकुवत राहिले आहे का आणि मुळात हरणे मारण्याची गरजच काय, याचा हा आढावा.

हंगाम नेमका कसा चालतो?

अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो. काही काउंटींमध्ये तो जानेवारीअखेरपर्यंत वाढवला जातो. शिकारीसाठी परवाना लागतो. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो मिळवण्यासाठी सहसा शिकारी-सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. धनुष्याच्या परवान्यावर एकच नर मारता येतो. माद्या किती माराव्यात हे त्या त्या काउंटीतील हरणांची संख्या पाहून दरवर्षी ठरते. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ऑनलाइन किंवा फोनवरून करणे बंधनकारक असते. रात्री शिकार करता येत नाही. रानातल्या हरणाचे मांस विकताही येत नाही. ते घरी खायचे, वाटायचे किंवा दान करायचे.

या नियमांमागचा हिशेब सरळ आहे. बंदुकीने शंभर-दोनशे मीटरवरून नेम साधता येतो. धनुष्याने हरणाच्या वीस-तीस मीटर जवळ जावे लागते आणि बहुतेक दिवशी शिकारी रिकाम्या हाताने परततो. दर दिवसामागे कमी हरणे मरतात, म्हणून दिवस अधिक. धनुष्याची मर्यादा हाच या लांब हंगामाचा आधार आहे.

ही परंपरा किती जुनी?

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी हजार वर्षांहून अधिक काळ धनुष्याने शिकार करत आले. बंदूक आल्यावर ते मागे पडले. गोऱ्या अमेरिकनांमध्ये या विद्येची आवड पुन्हा रुजली ती मात्र एका दुःखद कहाणीतून. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, उपाशी माणूस सापडला. वसाहतकऱ्यांच्या हत्याकांडांत संपलेल्या याही जमातीतील तो अखेरचा ज्ञात माणूस होता. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. त्याच्याच भाषेतल्या ‘माणूस’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘इशी’ म्हटले जाऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना डॉ. सॅक्सटन पोप या शल्यविशारदाशी त्याची मैत्री झाली. धनुष्य कसे घडवायचे, बाण कसा सरळ करायचा, हरणाच्या जवळ कसे जायचे हे पोप त्याच्याकडून शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यातून अनेकांनी हातात धनुष्य घेतले.

विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत केवळ धनुष्यासाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम ठेवला. आधुनिक अमेरिकेतील असा हा पहिला हंगाम मानला जातो. तेव्हा लाकडी धनुष्याने हरीण मारणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

हरणे मारण्याची गरजच काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्न नेमका उलटा होता. मांस आणि कातड्यासाठी झालेल्या बेबंद व्यापारी शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. मग विक्रीवर बंदी आली, हंगाम ठरले, परवाने आले. आज ही संख्या सुमारे तीन कोटींच्या घरात असल्याचे सांगितले जाते. वन्यजीव संवर्धनाचे हे मोठे यश आहे आणि आजच्या अडचणीचे मूळही तेच आहे.

दरम्यानच्या काळात लांडगे आणि प्युमा यांना माणसाने बहुतेक भागांतून संपवले होते. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील जंगलांत लांडगे परतले आहेत. दक्षिणेकडील मका-सोयाबीनच्या पट्ट्यात मात्र हरणांना धाक असा फारसा उरलेला नाही. खायला भरपूर असेल तर मादी बहुधा जुळी पाडसे देते. संख्या किती वेगाने वाढते याचे गाजलेले उदाहरण मिशिगनचे आहे. तिथल्या कुंपण घातलेल्या जॉर्ज रिझर्व्हमध्ये १९२८ साली सहा हरणे सोडली गेली. पाच-सहा वर्षांतच मोजणीत १६० हरणे आढळली.

हरणे वाढली की जंगलातील कोवळी रोपे उरत नाहीत आणि जुनी झाडे पडली की त्यांची जागा घ्यायला नवी नसतात. पिकांचे नुकसान होते. देशभरात वर्षाला दहा लाखांहून अधिक वेळा वाहने हरणांवर आदळतात आणि त्यात माणसेही मरतात. वन्यजीव व्यवस्थापनाचे आद्य अभ्यासक आल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक होते. ते स्वतः धनुष्ये बनवत. तरुणपणी लांडगे मारण्याच्या धोरणाचे तेही समर्थक होते. पुढे मात्र लांडग्यांशिवायच्या डोंगराला हरणेच कुरतडून खातात, या निष्कर्षाला ते आले. १९४०च्या दशकात त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये हरणांची संख्या कमी करण्याची बाजू मांडली, तेव्हा त्यांना लोकांचा मोठा रोष सहन करावा लागला.

हंगामाचे पहिले दिवस महत्त्वाचे का?

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत नर हरणांच्या शिंगांवरची मखमली त्वचा गळून जाते. उन्हाळाभर एकत्र राहिलेले नरांचे छोटे कळप अजून पुरते फुटलेले नसतात. दिवसा झाडीत बसायचे आणि संध्याकाळी ठरलेल्या वाटेने सोयाबीनच्या किंवा लसूणघासाच्या शेताकडे जायचे, असा त्यांचा दिनक्रम असतो. ज्याने ऑगस्टमध्ये दुर्बिणीतून ही वाट हेरली, त्याला पहिल्या आठवड्यात संधी असते. ओकची फळे पडू लागली की हरणे शेत सोडून जंगलात शिरतात आणि हेरलेली वाट ओस पडते. नोव्हेंबरमध्ये मीलनाचा काळ येतो. दिवस लहान होत जाण्याशी तो जोडलेला आहे. तेव्हा नर माद्यांच्या मागे कुठेही भटकतात.

पण सप्टेंबर सोपा नाही. झाडांवर पाने दाट असतात, डास चावत असतात आणि घामाचा वास वाऱ्याबरोबर दूर जातो. हरणाचे नाक हे त्याचे सर्वांत मोठे संरक्षण. म्हणून मचाण कुठे बांधले यापेक्षा आज वारा कुठून वाहतो, हे आधी पाहावे लागते. वारा उलटा असेल तर अनुभवी शिकारी त्या मचाणावर जातच नाही. आणखी एक अडचण उष्म्याची. हरीण संध्याकाळी पडले आणि रात्र उबदार असेल, तर काही तासांत मांस खराब होऊ शकते. ते लगेच साफ करून थंड ठेवावे लागते.

अपघातांचे म्हणाल तर या शिकारीत बाणापेक्षा मचाणावरून पडण्याचाच धोका मोठा. म्हणूनच प्रशिक्षणात जमिनीवरून पाय उचलल्यापासून खाली उतरेपर्यंत अंगाला सुरक्षा पट्टा बांधायला शिकवतात.

बाण दूरवरून का सोडत नाहीत?

यात पदार्थविज्ञान आहे. आजच्या चांगल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने जातो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने. म्हणजे बाणाआधी आवाज पोहोचतो. हरीण १८ मीटरवर असेल तर आवाज कानी पडल्यापासून बाण लागेपर्यंत साधारण ०.१६ सेकंद जातात. ३६ मीटरवर हा अवधी ०.३२ सेकंद होतो. दचकलेले हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली बसल्यासारखे होते, कारण उडी मारण्यासाठी त्याला ते करावेच लागते. तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच जागी लागतो.

गोळी धक्क्यानेही इजा करते. बाणाचे तसे नाही. त्याचे रुंद, धारदार पाते फुप्फुसे किंवा हृदय कापते आणि रक्तस्रावाने हरीण मरते. जागा अचूक असेल तर ते काही सेकंदांत कोसळते. अचूक नसेल तर तासन् तास जगते. म्हणून हरीण आडवे उभे असावे किंवा किंचित पलीकडे वळलेले असावे, ते शांत असावे, मध्ये फांदी नसावी, हे सगळे जुळल्याशिवाय बाण सोडू नये असे शिकवले जाते. अंधारात आवाजाच्या दिशेने बाण सोडणारा दशरथ आणि श्रावणबाळ यांची गोष्ट मराठी घरांत लहानपणीच ऐकवली जाते. तिथल्या शिकारी-सुरक्षा वर्गातला एक मूलभूत धडाही तोच आहे: लक्ष्य काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे, हे दिसल्याशिवाय हत्यार चालवायचे नाही.

जखमी होऊन निसटलेल्या हरणांचे काय?

धनुष्याच्या शिकारीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. मेरिलँडमधील इंडियन हेड या नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळातील नोंदींचा अभ्यास झाला. प्रशिक्षण आणि नेमबाजीची चाचणी पूर्ण केलेल्या शिकाऱ्यांनी बाण मारलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे हाती लागली नव्हती. म्हणजे दर पाच-सहा हरणांमागे एक. त्यातली काही जगतात, काही रानात मरतात. प्राणीहक्क कार्यकर्ते या एका मुद्द्यावर धनुष्याच्या शिकारीवर बंदी मागतात. शिकाऱ्यांकडेही याचे सोपे उत्तर नाही. हे प्रमाण कमी करता येते, शून्य करता येत नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

ते कमी करण्याची रीत ठरलेली आहे. बाण लागल्यावर लगेच मचाणावरून उतरायचे नाही. हरीण कुठून गेले ते लक्षात ठेवायचे आणि निदान अर्धा तास थांबायचे. बाण सापडला की त्यावरचे रक्त पाहायचे. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात लागला आहे. मग कित्येक तास थांबावे लागते, कारण पाठलाग झाला तर जखमी हरीण मैलभर पळते आणि सापडत नाही. न धावलेले हरीण बहुधा जवळच बसते आणि तिथेच मरते. अलीकडे माग काढण्यासाठी प्रशिक्षित कुत्रे पट्ट्याला बांधून नेण्याची पद्धतही अनेक राज्यांत रुळली आहे.

क्रॉसबोवरून वाद कशासाठी?

१९६६ मध्ये मिसुरीतील होलिस विल्बर ॲलन यांनी कप्प्या लावलेल्या ‘कम्पाउंड’ धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळाले. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढाल तितका जोर वाढतो आणि हात थरथरू लागतो. कम्पाउंड धनुष्यात पूर्ण ताणल्यावर जोर उतरतो. ६० पाउंडांच्या धनुष्यात ८० टक्के जोर उतरत असेल तर हातावर फक्त १२ पाउंड, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास भार राहतो. हरीण वळेपर्यंत थांबता येते. अचूकता वाढली आणि शिकणेही सोपे झाले.

क्रॉसबो त्याच्याही पुढचा. तो आधीच ताणून ठेवता येतो, खांद्याला लावून दुर्बिणीतून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. वयोवृद्धांना, खांदा दुखावलेल्यांना आणि नवशिक्यांना त्याने दार उघडले. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. अलीकडच्या वर्षांत तिथे साध्या व कम्पाउंड धनुष्यांपेक्षा क्रॉसबोने मारलेली हरणे जास्त आहेत. साहजिकच जुने धनुर्धारी विचारतात, हत्यार कमकुवत म्हणून हंगाम लांब होता, मग कमकुवतपणा गेल्यावर हंगाम तेवढाच लांब का? क्रॉसबोचा हंगाम वेगळा आणि छोटा करावा, अशी मागणी अधूनमधून पुढे येते. उलट बाजू म्हणते, हरणे जास्त आहेत आणि शिकारी घटत आहेत, तेव्हा हात कमी कशाला करायचे? कमी मारणारे हत्यार हवे की जास्त माणसांना चालवता येणारे, असा हा पेच आहे.

आजाराचे संकट काय आहे?

‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ म्हणजे ‘सीडब्ल्यूडी’ हा हरणांच्या मेंदूचा, नेहमी प्राणघातक ठरणारा आजार. तो विषाणू किंवा जिवाणूमुळे नव्हे, तर प्रायॉन या विकृत प्रथिनामुळे होतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये तो प्रथम दिसला. फेब्रुवारी २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या डेन काउंटीत मारलेल्या तीन हरणांमध्ये तो निघाला. आज राज्याच्या दक्षिण भागात तो खोलवर पसरला आहे. १९३४ चा पहिला धनुष्य-हंगाम जिथे झाला ती सॉक काउंटीही त्या पट्ट्यात येते.

बाधित हरीण अनेक महिने धडधाकट दिसते. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि मांस शिजवून नष्ट होत नाहीत. माणसाला या आजाराची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित भागातील हरणाची तपासणी करावी आणि अहवाल बाधित आल्यास मांस खाऊ नये, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी मोफत होते. शिकारी हरणाचे डोके ठरलेल्या केंद्रावर ठेवतो आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. बाधित काउंटींत हरणांना खाद्य टाकून बोलावण्यावर बंदी आहे, कारण एका ढिगावर अनेक तोंडे आली की लागण पसरते.

शहराजवळ धनुष्यच का?

आज हरणांची गर्दी दाट जंगलापेक्षा उपनगरांत जास्त जाणवते. तिथे बाग आहे, पाणी आहे आणि गोळी चालवता येत नाही. न्यू जर्सीत लोकवस्तीच्या इमारतीपासून बंदुकीने शिकार करायची तर ४५० फूट अंतर लागते. धनुष्याला १५० फूट पुरतात. मध्य न्यू जर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मागच्या अंगणातली हरणे, त्यांनी खाल्लेली रोपे आणि गोचिडांमधून पसरणाऱ्या लाइम आजाराची भीती नवी नाही. शेजारच्या झाडीत शरद ऋतूत कोणी मचाण बांधले तर मात्र ते पाहून दचकायला होते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि हौस म्हणून हरीण मारणे हा गुन्हा आहे. आपल्याकडच्या अनेक जंगलांत वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे अजून आहेत. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ती जागा रिकामी झाली आणि तिथे परवानाधारक माणूस बसवला गेला, हा दोन्हींतला मूलभूत फरक.

पुढे काय?

या व्यवस्थेचा खर्चही शिकारीच उचलतात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कर राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. १९७२ मधील दुरुस्तीने धनुष्यबाणही त्यात आले. धनुष्यावर आज ११ टक्के कर आहे. परवाना शुल्क आणि हा पैसा यांवर राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा भार आहे. पण जुने शिकारी वयामुळे मचाण सोडत आहेत आणि त्यांच्या जागी येणारे तरुण पुरेसे नाहीत. शिकारी घटले तर हरणेही वाढतील आणि निधीही आटेल.

म्हणून सप्टेंबरमधल्या त्या पहिल्या शनिवारी किती हरणे पडली, एवढ्यावरच वन्यजीव खात्याचे लक्ष नसते. किती परवाने विकले गेले, त्यात नवे किती, किती माद्या मारल्या गेल्या आणि तपासणीसाठी किती डोकी आली, हेही मोजले जाते. पुढच्या वर्षी कोणत्या काउंटीत किती हरणे मारू द्यायची आणि कोणत्या हत्याराला किती दिवस द्यायचे, हे त्या आकड्यांवर ठरते.